बीजीएसमधला ‘जी’

सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनची गोष्ट सांगताना बहुतेक जण १९९८ साली निघालेल्या व्हीएमवेअरपासून सुरुवात करतात. कपॅसिटी प्लॅनिंगची गोष्ट सांगणारे मागे जात जात कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगच्या १९०९ च्या निबंधापाशी पोहोचतात. दोन्ही घराणी वेगळी, पुढे डेटा सेंटरमध्ये त्यांची सोयरीक झाली आणि एकाने दुसऱ्याचं गणित विस्कटून टाकलं, असा सर्वसाधारण समज आहे. मला ती सोयरीक वाटत नाही, भावकी वाटते.

मेनफ्रेमच्या काळात ‘बेस्ट/वन’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. पुढच्या वर्षी काम वाढलं तर आत्ताचं मशीन पुरेल का, वापरणाऱ्याला उत्तरासाठी किती खोळंबावं लागेल, याचा हिशेब ते आधीच मांडून देई. ते बनवणारी कंपनी बीजीएस सिस्टिम्स, १९७५ ची. बी म्हणजे जेफ्री ब्यूझन, एस म्हणजे हॅरल्ड श्वेंक आणि जी म्हणजे रॉबर्ट गोल्डबर्ग. या तिसऱ्या नावाशी मी थबकलो. व्हर्च्युअलायझेशनच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ज्याचं नाव येतं, त्या १९७४ च्या पॉपेक-गोल्डबर्ग प्रमेयातला गोल्डबर्ग तो हाच.

ते प्रमेय नीट वाचण्यासारखं आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणायचं कशाला, याच्या त्यात तीन अटी आहेत. आतला प्रोग्रॅम खऱ्या मशीनवर वागेल तसाच वागला पाहिजे. बहुतेक सूचना मधल्या मॉनिटर सॉफ्टवेअरला न विचारता थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. आणि मशीनच्या सगळ्या साधनांवर ताबा मॉनिटरचाच राहिला पाहिजे. पहिल्या अटीत मात्र लेखकांनी दोन सवलती ठेवल्या आहेत: साधनं कमी-जास्त मिळाल्यामुळे पडणारा फरक धरायचा नाही, आणि वेळेमुळे पडणारा फरकही धरायचा नाही.

म्हणजे बाकी सगळं हुबेहूब. फक्त किती मिळेल आणि कधी मिळेल, याची हमी नाही. ‘किती’ हा कपॅसिटीचा प्रश्न, ‘कधी’ हा परफॉर्मन्सचा. सिद्धांतातून या दोन गोष्टी बाजूला काढल्या गेल्या आणि वर्षभरातच सिद्धांताचा एक लेखक त्याच दोन गोष्टींचा हिशेब विकणाऱ्या कंपनीत भागीदार झाला. याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

यावरचा आक्षेप उघड आहे. कंपनीचा खरा माल ब्यूझनचा होता. संगणकाच्या आत प्रोसेसर आणि डिस्कपुढे लागणाऱ्या रांगांचं गणित तोवर आकड्यांच्या ओझ्याखाली दबून जाई. १९७३ मध्ये त्याने ते आटोक्यात आणणारी रीत प्रसिद्ध केली. गोल्डबर्ग नसता तरी ती चाललीच असती. हे मला मान्य आहे. पण त्याच १९७३ मध्ये ब्यूझनने उगो गॅग्लियार्डी यांच्याबरोबर व्हर्च्युअल मशीनची रचना कशी घडत गेली यावर निबंध लिहिला, हे आक्षेप घेणारे विसरतात. ब्यूझन आणि गोल्डबर्ग दोघेही हार्वर्डचे. माझा तर्क असा की हे दोन विषय त्यांना कधी वेगळे वाटलेच नसावेत.

याहून जुना पुरावा आयबीएमच्या केंब्रिज केंद्रातला आहे. एमआयटीने १९६४ मध्ये आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचं मशीन निवडलं, त्याच सुमारास रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी सीपी-४० वर काम सुरू केलं. सिस्टिम/३६० मॉडेल ४० हे मशीन, त्याला खास जोडलेली असोसिएटिव्ह मेमरी, आणि त्यावर १४ व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकाला २५६ के मेमरी. महागडा संगणक अनेकांना वाटून देण्यासाठी ही युक्ती निघाली, असं सर्रास सांगतात. पण त्या गटाच्या १९६६ च्या अहवालातली उद्दिष्टं पाहिली, तर सिस्टिम आणि प्रोग्रॅम प्रत्यक्षात कसे चालतात याची मोजमापं मिळवणं हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. वाटून देणं होतंच. त्याच्या जोडीला मोजणंही पहिल्यापासून होतं.

मग एक्स८६ प्रोसेसर आले. त्यांतल्या १७ सूचना गोल्डबर्गच्या कसोटीत बसत नव्हत्या. व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरने त्यावर तोड काढली आणि इंटेलने २००५ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय केली. रिकामे बसलेले अनेक सर्व्हर व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) बनून एका खऱ्या मशीनवर (होस्टवर) आले, आणि जुन्या सवलतींची किंमत आता प्लॅनिंगवाल्यांना मोजावी लागली.

ती कुठे दिसते? गेस्ट म्हणतो, माझा सीपीयू ४० टक्केच वापरात आहे. होस्ट मात्र ९० टक्क्यांवर असतो. एका रांगेचं साधं सूत्र लावलं, तर ५० टक्के वापराला प्रतिसादाचा वेळ दुप्पट होतो, ८० ला पाचपट, ९० ला दहापट. गेस्टच्या आकड्यावर आखलेला प्लॅन तिथेच फसतो. त्यात घड्याळाचा गोंधळ. टायमरचे ठोके मोजून वेळ धरणाऱ्या गेस्टला प्रोसेसर मिळत नाही, तेव्हा ते ठोके साठतात आणि नंतर घाईघाईने दिले जातात. तोवर गेस्टचं घड्याळ मागे असतं, आणि त्याने स्वतः मोजलेला प्रतिसादाचा वेळ खऱ्यापेक्षा कमी भरू शकतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका गेस्टचे सगळे व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) जवळजवळ एकाच वेळी चालवावे लागत. कामाला वेग यावा म्हणून दोनाचे चार व्हीसीपीयू मागितले, तर चार प्रोसेसर एकदम मोकळे होईपर्यंत थांबावं लागे आणि काम उलट रेंगाळे. पुढे हा नियम सैल झाला. तरी ‘लागतील म्हणून जास्तीचे मागून ठेवू’ ही भौतिक सर्व्हरच्या काळातली सवय मला आजही सगळ्यात महागडी वाटते.

या ‘कधी’चं माप गेस्टच्या आतूनही घेता येतं. लिनक्सच्या ‘टॉप’मध्ये ‘एसटी’ असा एक आकडा असतो: मला काम होतं, पण प्रोसेसर दुसऱ्याकडे होता, असा वेळ. क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेणारे शेजारी जड आहे की काय हे त्यावरून ताडतात, म्हणून तो क्लाउडबरोबरच आला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो लिनक्सच्या २.६.११ या आवृत्तीत, २००५ मध्ये आला, आणि आला तो आयबीएम मेनफ्रेमवर लिनक्स चालवणाऱ्यांच्या कामातून. त्या मेनफ्रेमवर झेड/व्हीएम चालतं. ते व्हीएम/३७० चं वंशज, व्हीएम/३७० सीपी-६७ चं, आणि सीपी-६७ थेट सीपी-४० चं.