पासवर्डच्या फाईलीची गोष्ट

एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, ही कल्पना १९६०च्या दशकात नवी होती. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सीटीएसएस नावाची अशी व्यवस्था चालत असे. सगळ्यांचे पासवर्ड एका फाईलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ साली एक व्यवस्थापक ही फाईल दुरुस्त करत असताना दुसरा त्या दिवसाची सूचना लिहीत होता. लिहिण्याचा प्रोग्राम कच्च्या मजकुराच्या फाईलीला नेहमी एकच नाव देई. दोन्ही फाईलींची अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले!

१९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. तिच्यात प्रत्येक फाईलीसोबत परवानग्या नोंदलेल्या असतात: मालकासाठी, त्याच्या गटासाठी आणि इतरांसाठी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणजे ६४४ असेल तर मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी नुसते वाचावे. (४, २, १ यांतून काहीही निवडा, बेरीज दर वेळी निराळी येते. द्विमान पद्धती शिकवताना हे उदाहरण चांगले.)

मग पासवर्डची फाईल ६०० केली की झाले, असे आपल्याला वाटेल. पण त्याच फाईलीत प्रत्येकाचे नाव आणि क्रमांकही होता. संगणक फाईलीचा मालक क्रमांकाने ओळखतो; त्याचे नाव दाखवायचे तर कोणाच्याही प्रोग्रामला ही फाईल वाचावी लागे. म्हणून ती सर्वांना खुली राहिली, आणि पासवर्ड मात्र उलट सोडवता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवले गेले. युक्ती सुंदर खरी, पण अंदाजाने शब्द घेऊन त्यांचे सांकेतिक रूप ताडून पाहता येतेच. रॉबर्ट मॉरिस आणि थॉम्प्सन यांच्या १९७९ सालच्या लेखात ३,२८९ पासवर्डांची तपासणी आहे. त्यांतले २,८३१ फार आखूड, फार साधे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले.

पुढे १९८०च्या दशकात फाईलच दुभागली गेली. नावे जुन्या, खुल्या फाईलीत राहिली. सांकेतिक पासवर्ड 'शॅडो' नावाच्या फाईलीत गेले, जी सामान्य वापरणाऱ्याला वाचता येत नाही. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सनेही हीच रीत स्वीकारली.

मग सामान्य माणूस आपला पासवर्ड बदलतो कसा? इथे रिचींची जुनी कल्पना कामी येते; तिला १९७९ साली पेटंट मिळाले. पासवर्ड बदलणारा प्रोग्राम कोणीही चालवला, तरी तो चालतो आपल्या मालकाच्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने. आम्हांला या इतिहासातला हा सर्वांत चतुर आणि सर्वांत धोक्याचा भाग वाटतो. अशा प्रोग्राममध्ये एक चूक राहिली, की ६०० काय आणि ६४४ काय, सारखेच.