नळ आणि बाटली

पिण्याचे पाणी पैसे मोजून विकत घ्यावे लागेल, असे दोन पिढ्यांपूर्वी कोणी म्हटले असते, तर ऐकणाराने ती थट्टा समजली असती. उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या आपल्या समाजात आज लग्नमंडपापासून कचेरीपर्यंत सीलबंद बाटली प्रतिष्ठेने मिरवते, आणि घरच्या नळाचे पाणी मात्र हलके समजले जाते. हा नळ आपल्या दारी कसा आला, याचा इतिहास पाहिल्यास त्याची खरी किंमत ध्यानात येईल.

लांबून पाणी आणण्याची विद्या आपल्याला नवी नाही. मलिक अंबरने औरंगाबादेत नहरी बांधल्या, तर पेशव्यांनी कात्रजहून पुण्याच्या हौदांत पाणी खेळविले. परंतु हौदावर कोणी पाणी भरावे आणि कोणी दूर उभे राहावे, हे जात ठरवीत असे.

आधुनिक नळाचा मोठा प्रयोग मुंबईत झाला. विहिरी आणि तळी यांवर जगणाऱ्या त्या शहरात १८४५ पासून रहिवाशांची गाऱ्हाणी वाढत गेली. पुढील दशकात टंचाई इतकी तीव्र झाली की, गुरे शहराबाहेर हलवावी लागली आणि बाहेरून पाणी आणून लोकांची तहान भागवावी लागली. अखेर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे मिठी नदी अडवून विहार तलाव बांधण्यात आला, आणि १८६० मध्ये त्याचे पाणी शहरात पोहोचले. त्यामागून १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा आले.

याच काळात शास्त्रही पुढे सरकत होते. १८५४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या साथीचे मूळ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यात शोधले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना पटकीचे जंतू कलकत्त्याच्या तळ्यात सापडले. दिसायला निर्मळ असलेले पाणीही घातक असू शकते, हे सिद्ध झाले. तेव्हापासून पाणी गाळणे, त्यात क्लोरीन मिसळणे आणि त्याची तपासणी करणे हे नगरसंस्थांचे कर्तव्य ठरले.

परंतु पाणी शुद्ध होणे ही अर्धीच लढाई होती. ते सर्वांचे व्हावयाचे होते. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. ओंजळभर पाण्यासाठी एवढा लढा द्यावा लागला! एका टाकीतून, एका नळीने, वाड्यात आणि वस्तीत सारखेच पाणी जावे, ही कल्पना म्हणूनच केवळ स्थापत्याची नव्हे, तर समतेची आहे.

बाटली यानंतर आली. बिसलेरी हे नाव मुळात फेलिचे बिसलेरी या इटालियन गृहस्थाचे. त्या नावाने १९६५ मध्ये ठाण्यास कारखाना निघाला आणि काचेच्या बाटल्यांतील पाणी प्रथम बड्या उपाहारगृहांत गेले. १९६९ मध्ये पार्ले कंपनीने तो धंदा विकत घेतला. पुढे काचेची जागा प्लास्टिकने घेतली आणि चैनीची वस्तू नित्याची झाली. वीस रुपयांच्या लिटरभर बाटलीच्या हिशेबाने हजार लिटरांस वीस हजार रुपये पडतात. मुंबईत घरगुती नळाच्या तेवढ्याच पाण्यास दहा रुपयेही पडत नाहीत.

महाग ते शुद्धच, असाही नियम नाही. २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने दिल्ली व मुंबई येथील बाटल्यांचे पाणी तपासले, तेव्हा बहुतेक नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि शासनाला मानके कडक करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बाटलीतील लिटरभर पाण्यात सरासरी सुमारे २ लाख ४० हजार सूक्ष्म प्लास्टिक कण मोजले गेले. त्यांचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अद्याप चालू आहे.

तथापि नळावर आंधळा विश्वास ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. पाणी काही तासच सोडले जाते, तेव्हा उरलेल्या वेळी नळ्या रिकाम्या पडतात आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरील घाण आत ओढली जाते. अशा ठिकाणी पाणी उकळून प्यावे, हेच शहाणपण. पूर आला किंवा साथ पसरली, तर बाटलीही उपकारक ठरते. प्रश्न रोजच्या पाण्याचा आहे.

मोहगावच्या परिसराला हा विचार जवळचा आहे. सौंसर तालुक्यातून खाली उतरणारी कन्हान आणि छिंदवाडा जिल्ह्यातून वाहत जाणारी पेंच या दोन नद्यांवर नागपूरचे नळ चालतात. इथल्या पाण्यावर दूरचे महानगर विसंबून राहते. मग इथल्या माणसाने आपल्या नळाविषयी उदासीन का असावे? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण घरास माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि गावातच पाणी तपासण्यासाठी स्त्रियांना शिक्षण देण्याची तरतूद केली. भारतीय मानकानुसार क्लोरीन घातलेल्या पाण्यात नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. ही तपासणी गावातील कोणालाही साध्या संचाने क्षणात करता येते. पंचायतीकडे तिचा निकाल मागणे हा नागरिकाचा हक्क आहे.

ऐपतदार माणूस बाटलीकडे वळला की, त्याची नळाविषयीची तक्रार थांबते. आणि तक्रार करणारा आवाज थांबला की, टाकी धुण्याची घाईही कोणास राहत नाही. मागे राहतो तो ज्याला बाटली परवडत नाही, तो. पूर्वी जातीने पाणवठे वेगळे केले होते. आता पैशाने ते वेगळे होऊ द्यावयाचे काय? रोज नळाचे पाणी पिणारा आणि ते शुद्ध मिळावे म्हणून आग्रह धरणारा नागरिक आपल्या घरापुरते पाहत नाही. साऱ्या गावाचा पाणवठा तो राखतो.