नांगर, भट्टी आणि संगणकांचे जाळे

कोणत्याही नव्या धंद्याची पहिली पिढी दुसऱ्याच धंद्यातून आलेली असते. कारण त्या धंद्याची परंपरा अद्याप जमलेली नसते आणि त्याचे जाणकारही अद्याप घडायचे असतात. आज एखादा हिशेबनीस किंवा फिटर ऐन पस्तिशीत आपले काम सोडून संगणकांच्या जाळ्याचे, म्हणजेच नेटवर्किंगचे, काम शिकू पाहतो, तेव्हा ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ हा आक्षेप इतरांच्या आधी त्याच्या स्वतःच्याच मनात उठतो. छत्तीसगडमधील भिलाईचा इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. मात्र त्या उत्तरात एक इशाराही आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि मुख्यमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढण्याची योजना ठरली. खनिज जवळच्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून यावयाचे होते आणि चुनखडी नंदिनीच्या खाणीतून. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करारापासून भट्टीपर्यंत अवघी चार वर्षे लागली होती.

परंतु भट्टी उभारणे एक आणि भट्टीवरचा माणूस घडविणे दुसरे. ज्या खेड्यांची जमीन कारखान्यासाठी गेली, तेथला शेतकरी धान पेरणारा. दिवस उगवला की कामाला लागावे आणि पाऊस लागला की पेरणी करावी, हे त्याचे घड्याळ. त्याला आता भोंग्याप्रमाणे पाळीवर यावयाचे होते आणि वितळलेल्या लोखंडाचा रंग ओळखावयाचा होता. पुष्कळांना त्याची भीती वाटली. भट्टीला नरबळी लागतो अशा अफवा खेडोपाडी पसरल्या होत्या, असे भिलाईचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नमूद केले आहे. त्यामुळे कितीएक स्थानिक लोक सुरुवातीला दूरच राहिले, आणि दूरच्या प्रांतांतून आलेल्यांनी त्या जागा भरल्या.

जे आत गेले, ते कसे तरले? एक तर शिकविण्याची सोय काम सुरू होण्याच्या आधीपासूनच झाली होती. अभियंत्यांच्या तुकड्या सोव्हिएत देशात पाठविण्यात आल्या, भिलाईतही प्रशिक्षणाची व्यवस्था उभी राहिली, आणि रशियन तज्ज्ञांचे म्हणणे दुभाष्यांमार्फत कामगारांपर्यंत पोचू लागले. दुसरे असे की, माणसाने तळाच्या पायरीवरून आरंभ केला. बांधकामावर माती वाहणारा मजूर पुढे कारखान्याच्या कायम नोकरीत शिरला, अशी उदाहरणे तेथे विरळ नव्हती.

इशारा आहे तो यापुढच्या काळात. एके काळी कामगार शोधावे लागत असत, त्याच कारखान्यात पुढे कायम जागा घटत गेल्या आणि कंत्राटी कामगार वाढत गेले. आरंभी कचरलेल्यांच्या घरी मग हळहळ उरली. नव्या धंद्याचे दार प्रारंभी सताड उघडे असते. अनुभवी माणसे तयार झाली की ते हळूहळू लोटले जाते.

संदेशांच्या जाळ्याचा इतिहासही याहून वेगळा नाही. भारतात विजेच्या तारायंत्राचा पाया घातला तो विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकवीत असे. त्याचे विश्वासू सहायक शिवचंद्र नंदी हे टांकसाळीतून या कामात आले होते. १८५६ पर्यंत सुमारे चार हजार मैलांच्या तारांनी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे जोडली गेली. पुढे संगणकांचे दिवस आले. भिलाईप्रमाणेच सोव्हिएत साहाय्य लाभलेली पवईची तंत्रशिक्षण संस्था १९५८ साली सुरू झाली. १९८६-८७ च्या सुमारास ती संस्था आणि मुंबईचेच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून संगणकीय पत्रांची देवाणघेवाण झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याची तयार कामगारपिढी देशात कोठून असणार?

आज हे काम नवे राहिलेले नाही. परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत, उमेदवारही पुष्कळ आहेत. दार लोटलेले आहे, पण त्याला कडी लागलेली नाही. शिवाय पूर्वीच्या धंद्याची शिदोरी येथे वाया जात नाही. जाळ्यातून जाणारा संदेश लहान लहान तुकड्यांत विभागला जातो, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि वाटेवरची यंत्रे तो वाचून तुकडा पुढे पाठवितात. संदेश अडला की जाणकार खालून वर जातो. आधी तार व वीज तपासावी, मग पत्ता, मग मार्ग, आणि शेवटी वापरातला कार्यक्रम. यंत्र बंद पडले असता अंदाजाने पुर्जे न बदलता क्रमाने दोष शोधणाऱ्या फिटरला ही शिस्त परकी नाही. कोठाराच्या नोंदी चोख ठेवणाऱ्यालाही पत्त्यांची व जोडण्यांची नोंदवही जड जात नाही.

मात्र भिलाईच्या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. काम सुरू करण्यापूर्वी विद्या मिळविली पाहिजे, आणि दहा-पंधरा वर्षांची ज्येष्ठता बाजूला ठेवून रात्रपाळीची, तक्रारी ऐकण्याची, केबल ओढण्याची खालची पायरी पत्करली पाहिजे. संसार असलेल्या माणसाला ही दुसरी अट अधिक जाचते. म्हणून चालू नोकरी टिकवून शिकणे आणि वर्षभराची पुंजी गाठीशी बांधून मगच पाऊल उचलणे, यात भित्रेपणा नाही. कचरणे वेगळे आणि तयारी करणे वेगळे. भिलाईत ज्यांना मागाहून हळहळ वाटली, त्यांच्यापाशी अक्कल कमी नव्हती. पहिली पायरी चढण्याची वेळ तेवढी त्यांच्या हातून निसटली होती.