डुप्लिकेट मारिओ

मंडळी, आजची पोस्ट नगरपालिकेवर नाही, खड्ड्यांवर नाही. व्हिडिओ गेमवर आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. विषय वाटतो तेवढा पोरकट नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. दहावीला आहे. दुपारी वैतागून म्हणाला, "मामा, नाव तेच ठेवलंय, पण गेम तो राहिलाच नाही. ह्याला दुसरा भाग कशाला म्हणायचं?" मी विचारलं, "पहिल्यासारखाच केला असता तर?" तो म्हणाला, "तर मग नवीन काय दिलं, असं म्हणालो असतो."

पोरगं खरं बोललं. आणि मला तीस वर्षांपूर्वीचं आमचं भांडण आठवलं.

१९९३-९४ ची गोष्ट. बसस्टँडच्या मागे एका दुकानात टीव्ही गेम तासावर खेळायला मिळायचा. आपल्याकडे तेव्हा मिळणारी बहुतेक यंत्रं म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं, आत वीस-पंचवीस. पण त्यात मारिओ असला की पुरे. पाईपात घुसायचं, कासवाच्या डोक्यावर उडी मारायची, विटा फोडायच्या, मशरूम खाऊन मोठं व्हायचं.

एक दिवस दुकानदारानं नवी कॅसेट लावली. पडद्यावर नाव मारिओचं, टोपी मारिओची, पण बाकी सगळंच वेगळं. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाही, आपण आरामात त्याच्यावर उभे राहतो. विटा फोडायच्या नाहीत, जमिनीतून मुळे-गाजरं उपटून फेकायची. राजकन्येला सोडवायचं नाही, कारण राजकन्या स्वतःच खेळायला मिळते आणि हवेत तरंगते. आमच्यातल्या सगळ्यात हुशार पोरानं जाहीर केलं, "हा डुप्लिकेट आहे रे." सगळ्यांनी माना डोलावल्या. पैसे परत मागण्यापर्यंत मजल गेली.

खरी हकीकत मला पुष्कळ वर्षांनी कळली. आमचा तो मित्र चूकही होता आणि बरोबरही.

सुपर मारिओ ब्रदर्स जपानमध्ये सप्टेंबर १९८५ मध्ये आला. पुढे त्याच्या जगभरात चार कोटींहून जास्त प्रती गेल्या. एवढं यश मिळाल्यावर दुसरा भाग येणारच. तो जून १९८६ मध्ये आला, फक्त जपानमध्ये, फॅमिकॉमला जोडायच्या डिस्कवर. आणि हा दुसरा भाग पहिल्याशी इतका प्रामाणिक होता की चित्रं जवळपास तीच, संगीत तेच, उड्या त्याच. फरक एवढाच की तो प्रचंड अवघड होता. पहिला गेम ज्यांनी कोळून प्यायला होता, त्यांच्यासाठी बनवलेला.

अवघड कसा? पहिल्या मारिओच्या पहिल्याच लेव्हलमध्ये मशरूम डब्यातून निघतं, पाईपाला धडकतं आणि उलटं आपल्याकडे येतं. नवख्या माणसाला ते चुकवणं कठीण जातं, तो धडकतो, आणि मरण्याऐवजी मोठा होतो. न बोलता गेम सांगतो की बाबा, हे चांगलं आहे. दुसऱ्या भागात त्याच मशरूमसारखं दिसणारं विषारी मशरूम आलं. खाल्लं की इजा. पहिल्या भागात लपलेली वाट सापडली की थेट पुढच्या जगात जायचो. दुसऱ्यात काही वाटा अशा, की आनंदानं घुसावं आणि थेट मागच्या जगात पडावं. मध्येच वारा सुटतो आणि उडी भलतीकडे नेतो.

म्हणजे दिसायला सगळं जुनंच, पण जुन्यानं जे शिकवलं तेच आता तुमच्यावर उलटवलेलं. जपानमधल्या पट्टीच्या खेळाडूंना हा चिमटा आवडला. गेम तिकडे खपलाही.

आता अमेरिकेकडे चला. तिथे व्हिडिओ गेमचा बाजार १९८३ मध्ये कोसळला होता. दुकानं सुमार गेमनी भरली होती आणि लोकांचा विश्वास उडाला होता. १९८२ मध्ये अटारी कंपनीनं ई.टी. सिनेमावर घाईघाईत एक गेम काढला, तो आपटला. न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाबाहेर कचऱ्यात पुरल्या गेल्या. लोक ही दंतकथा समजायचे. २०१४ मध्ये खणून काढल्या, तेव्हा त्यात ई.टी.च्या कॅसेटी खरंच निघाल्या. अशा पोळलेल्या बाजारात निन्टेन्डोनं १९८५ च्या अखेरीस न्यू यॉर्कमधून सुरुवात केली होती.

निन्टेन्डोच्या अमेरिकी कचेरीत हॉवर्ड फिलिप्स नावाचा माणूस होता. १९८१ मध्ये गोदाम सांभाळायला लागला. पण गेम पारखण्याची त्याची नजर अशी, की जपानहून आलेला गेम अमेरिकेत चालेल का, हे त्याला विचारलं जाऊ लागलं. जपानी दुसरा मारिओ त्यानं खेळून बघितला आणि वैतागला. पुन्हा पुन्हा मरायचं, तेही आपली चूक नसताना. हा गेम इथे आणू नका, असं त्याचं मत पडलं. कंपनीनं ते ऐकलं.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हातात मारिओच्या नावाचा तयार गेम आहे, छापला असता तर नावावरच विकला गेला असता, आणि गोदामातून वर आलेला एक माणूस म्हणतो, नको. नुकत्याच सावरत्या बाजारात लोकांचा विश्वास दुसऱ्यांदा गमावणं परवडलं नसतं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मग अमेरिकेला दुसरा भाग म्हणून द्यायचं काय? इथे आमच्या मित्राचं "डुप्लिकेट" खरं ठरतं. जपानमध्ये १९८७ च्या उन्हाळ्यात फुजी टेलिव्हिजननं 'युमे कोजो' म्हणजे 'स्वप्नांचा कारखाना' नावाचा मोठा उत्सव भरवला होता. त्या निमित्तानं निन्टेन्डोनं 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा गेम काढला होता. त्यात अरबी कथांच्या थाटातलं एक कुटुंब, मुलगा, मुलगी, आई आणि बाबा. मारिओचा पत्ताच नाही. निन्टेन्डोनं हाच गेम उचलला आणि माणसं बदलली. मुलाच्या जागी मारिओ, उंच उडी मारणाऱ्या आईच्या जागी लुइजी, तरंगणाऱ्या मुलीच्या जागी राजकन्या पीच, पटापट ओझी उचलणाऱ्या बाबांच्या जागी टोड. जादूच्या दिव्याची बाटली झाली. वेगानं पळायची सोय नव्हती, ती घातली. ऑक्टोबर १९८८ मध्ये हाच गेम सुपर मारिओ ब्रदर्स २ म्हणून अमेरिकेत आला.

फसवणूक झाली का? वरवर बघता हो. पण त्यालाही एक पदर आहे. डोकी डोकी पॅनिकचे दिग्दर्शक केन्सुके तानाबे यांनी पुढे सांगितलं, की त्या गेमचा पहिला कच्चा नमुना वर-वर सरकणारा, वस्तू उचलून फेकायचा, दोघांनी खेळायचा होता, आणि त्याकडे मारिओसारखा खेळ म्हणूनच बघितलं जात होतं. तो तसा रंगेना, तेव्हा मारिओचे जनक शिगेरू मियामोटो यांनी बाजूला सरकणारा भाग वाढवायला सुचवलं. मग उत्सवाचं काम आलं आणि त्या कल्पनेला फुजीच्या पात्रांचे कपडे चढले. म्हणजे घरातलंच पोर दुसऱ्याच्या नावानं फिरत होतं, ते परत घरी आलं.

आणि हे पोर चांगलं निघालं. ७० लाखांहून जास्त प्रती गेल्या. १९९२ मध्ये जपाननंही हा गेम 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून घेतला. त्यातला चालता बॉम्ब म्हणजे बॉब-ऑम, मुखवटेवाला शाय गाय, बर्डो, हे सगळे पुढे मारिओच्या दुनियेत कायमचे राहायला आले. लुइजीचं जास्त उंच उडणं जपानी दुसऱ्या भागातही होतं, पण आजचा उंच, सडपातळ लुइजी आणि तरंगणारी राजकन्या ही याच गेमची देणगी. २०१३ च्या सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्डमध्ये ह्याच चौघांना ह्याच चौघांच्या कला दिल्यात. आणि तो प्रामाणिक जपानी दुसरा भाग? तो १९९३ मध्ये एका संग्रहातून, 'द लॉस्ट लेव्हल्स' अशा नावानं, अमेरिकेत पोचला. आता त्याला वेगळ्या नावाची गरज होती, कारण 'दोन' ही जागा भरलेली होती.

मग दुसऱ्या भागानं पहिल्याशी प्रामाणिक राहावं की नाही? माझं मत असं. प्रश्न रूपाचा नाहीच. जपानी दुसऱ्या भागानं रूप सांभाळलं, पण नवख्या माणसाशी पहिल्या गेमनं जे सरळपणे वागणं ठेवलं होतं ते मोडलं. अमेरिकी दुसऱ्या भागानं रूप बदललं, पण वागणं सरळ ठेवलं. सुरुवातीलाच दारातून खाली पडतो, गवत उपटतो, हातात भाजी येते, फेकतो. नवे नियम आहेत, पण समोर मांडलेले. हरलो तर चूक माझी. आम्ही पोरांनी तासाचे पैसे वसूल करायचे म्हणून तो खेळून बघितला असता, तर पंधरा मिनिटांत कळलं असतं.

पण जुन्या खेळाडूंचंही ऐकलं पाहिजे. ज्यांनी पहिला गेम शंभरदा पार केला त्यांना आव्हान हवं असणं चूक नाही. जपानी भाग त्यांच्यासाठी होता आणि त्यांच्यापुरता तो खराच होता. म्हणून "हा दुसरा भाग कुणासाठी?" हा प्रश्न आधी विचारावा लागतो. तिसऱ्या मारिओनं, १९८८ मध्ये जपानमध्ये आणि १९९० मध्ये अमेरिकेत, दोघांनाही सांभाळलं. डोक्यावर उडी परत आली, विटा परत आल्या, आणि वर शेपटी लावून उडायलाही मिळालं.

आता पोस्टचा खरा मुद्दा. आमच्या काळात दुसरा भाग नाही आवडला तर पहिली कॅसेट परत लावता यायची. कुणी ती घरात येऊन उचलून नेत नव्हतं. आज नेतात. २०१६ चा ओव्हरवॉच लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आला आणि पहिल्याचे सर्व्हर बंद झाले. सहा जणांची टीम पाच जणांची झाली. नव्या भागाचं कारण म्हणून सांगितलेल्या कथेच्या खेळातला मोठा भाग २०२३ मध्ये रद्द झाला. २०२४ मध्ये कंपनीला २०१६ सारखा खेळ काही दिवसांसाठी परत द्यावा लागला, यातच सगळं आलं. 'द क्रू' हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ मध्ये कायमचा बंद झाला, पुढचे भाग विकायला असताना. त्यावरून युरोपात जी मोहीम उभी राहिली, तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोक म्हणताहेत, नवीन काढा, खुशाल वेगळं काढा, पण आम्ही विकत घेतलेलं जुनं चालू ठेवा.

हे मला पटतं. दुसऱ्या भागाला वेगळं व्हायचा पूर्ण हक्क आहे, पहिल्याला पुसून टाकायचा नाही. पहिला शाबूत असेल तर दुसऱ्यावरची भांडणं मजेची असतात, आमच्या बसस्टँडमागच्या भांडणासारखी. तो शाबूत नसेल तर ते भांडण ग्राहकाच्या हक्काचं होतं, आणि मग ते पोरांवर सोडून आपण गप्प बसायचं नसतं.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मामा, तो भाजी उपटायचा मारिओ आता कुठे मिळेल?"

मिळाला. दोघांनी मिळून खेळलो. राजकन्या त्यानं घेतली. तिसऱ्या जगापर्यंत पोचलो, मग जेवायची हाक आली.

तुमच्या गावात 'डुप्लिकेट' म्हणून कुठला गेम बाजूला टाकला होता? सांगा जरूर.