शर्यतीची मोटार आणि थांबण्याची विद्या

तळेऱ्याहून वैभववाडीवरून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता करूळच्या घाटाने गगनबावड्यास चढतो. असा घाट चढताना मोटारीची खरी परीक्षा होते, असे सामान्य प्रवाशास वाटते. परंतु भर पावसाळ्यात मालाने भरलेला ट्रक हाच घाट उतरवून ज्याने वैभववाडीस आणला आहे, तो निराळेच सांगेल. चढणीवर इंजिन दमले तर गाडी थांबते, एवढेच. उतरणीवर ब्रेक दमले तर ती थांबत नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर उतारावर ब्रेकवर पाय रोवून बसत नाही. तो खालचा गिअर घालतो, इंजिनाकडूनच गाडीस आवरून धरतो, आणि जळक्या लायनरचा वास नाकाशी आला की रुंद जागा पाहून गाडी बाजूस घेतो.

मोटारशर्यतीचा इतिहास म्हणजे अश्वशक्तीचा चढता आलेख, असा सार्वत्रिक समज आहे, आणि वर्तमानपत्रांनी तो जोपासलाही आहे. तथापि रस्त्यावरच्या एका देखण्या गाडीपासून केवळ शर्यतीसाठी जी गाडी इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे घडवली गेली, तिची कथा घाटातल्या ड्रायव्हरच्या बाजूने साक्ष देते. ती गाडी म्हणजे जग्वारची सी-टाइप होय.

तिचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. कारखान्याच्या छपरावर बसून रात्री आगीचा पहारा करीत असताना विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या मंडळींनी एका नव्या इंजिनाची आखणी केली. वरून बाँब पडण्याची धास्ती आणि खाली शांततेच्या काळातील मोटारीची चर्चा, असा तो विलक्षण योग! ३,४४२ घन सेंटिमीटरचे, सहा सिलिंडरांचे व १६० अश्वशक्तीचे हे इंजिन १९४८ सालच्या लंडनच्या प्रदर्शनात एका उघड्या दोन आसनी गाडीत बसवून मांडण्यात आले. ती गाडी एक्सके १२०. नावातील आकडा ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर, वेगाचा निदर्शक होता. कित्येकांना ती बढाई वाटली. परंतु पुढल्याच वर्षी बेल्जियममधील याब्बेके येथील सरळ रस्त्यावर या जातीच्या गाडीने ताशी १३२ मैलांहून अधिक वेग नोंदवून शंकेखोरांची तोंडे बंद केली.

१९५० साली अशा तीन गाड्या फ्रान्समधील ले मान्सच्या शर्यतीत उतरल्या. ही शर्यत चोवीस तासांची. सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गावर दोन चालकांनी आळीपाळीने दिवसरात्र गाडी हाकावयाची, आणि जी अधिक अंतर कापील ती विजयी. लेस्ली जॉन्सन आणि बर्ट हॅडली यांची एक्सके १२० एकवीस तासांहून अधिक काळ भल्याभल्या गाड्यांच्या बरोबरीने धावली आणि मग तिचा क्लच गेला. कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. ब्रेक तापून निकामी होऊ लागल्यामुळे चालक गाडी आवरण्यासाठी गिअर आणि इंजिन यांवर भिस्त ठेवीत होते, आणि तो सारा ताण क्लचवर आला. करूळ घाटातला ड्रायव्हर जे करतो तेच त्यांनी केले. फरक एवढाच की त्यांना ते फेरीगणिक आणि भयंकर वेगात करावे लागले.

कारखान्याने यावरून दोन निष्कर्ष काढले. इंजिन उत्तम आहे. परंतु भोवतालची गाडी शर्यतीच्या कामाची नाही. एक्सके १२० चा सांगाडा एका थोराड घरगुती मोटारीच्या सांगाड्यावरून आखडून घेतलेला होता, आणि गाडीचे वजन तेराशे किलोंच्या घरात जात असे. म्हणून इंजिन आणि गिअरपेटी तेवढी ठेवून बाकीचे नवे करावयाचे ठरले. हेन्स यांच्या देखरेखीखाली बॉब नाइट यांनी पोलादी नळ्यांचा एक पिंजरा रचला. जाड तुळयांऐवजी बारीक नळ्या त्रिकोणात सांधल्या की वजन घटूनही ताठपणा वाढतो. पुलाच्या कमानीतली ही युक्ती मोटारीत आली. तिच्यावर ॲल्युमिनियमचे पातळ कवच चढले. छप्पर नाही, दारांच्या काचा नाहीत, बंपर नाहीत, गालिचा नाही. संसारी मोटारीचा सारा थाट गळून पडला आणि वजन हजार किलोंच्या आत आले.

कवचाचा आकार माल्कम सेयर यांचा. हे गृहस्थ विमानांच्या कारखान्यातून आलेले. गाडी सुंदर दिसावी म्हणून रेषा काढणारा कारागीर असे कोणी म्हटले तर ते त्यांना रुचत नसे. आपण वायुगतीचे अभ्यासक आहोत, असा त्यांचा आग्रह असे. गाडीच्या अंगावरचे बाक ते गणिताने, लॉगरिदमच्या कोष्टकांच्या साह्याने बिंदू बिंदू काढून ठरवीत. असे असूनही, किंबहुना असे असल्यामुळेच, सी-टाइप अतिशय देखणी झाली.

मागील आसाच्या बांधणीत एक बारीक गोम आहे. जोरदार इंजिन फिरू लागले की त्याच्या पिळाने उजवे मागचे चाक जमिनीवरून उचलले जाऊ पाहते, आणि हलके झालेले चाक जागच्या जागी गरगरते. ते टाळण्यासाठी आसाला आधार देणारा दांडा मध्यावर न ठेवता मुद्दाम उजव्या अंगास बसवला. त्यामुळे उचलणारे बळच चाकास खाली दाबू लागले. विरोधकालाच कामाला लावण्याचे असे चातुर्य यंत्रशास्त्रात वारंवार आढळते. इंजिनाची शक्ती फुंकनळ्या व झडपा सुधारून सुमारे दोनशे अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आली.

१९५१ च्या जूनमध्ये तीन सी-टाइप गाड्या ले मान्सला गेल्या, आणि गंमत म्हणजे त्या कॉव्हेंट्रीहून रस्त्यानेच चालवीत नेण्यात आल्या! शर्यतीत तेल वाहून नेणारी तांब्याची नळी कंपनांनी तडकून दोन गाड्या बाद झाल्या. तिसरी, पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड यांची, ताशी सरासरी दीडशे किलोमीटर वेगाने विजयी झाली. १९३५ नंतर ले मान्सला जिंकलेली ही पहिली इंग्रज गाडी.

परंतु ब्रेकचा प्रश्न तसाच राहिला होता. या मार्गावर म्युल्सानचा सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ पल्ला आहे. त्याच्या टोकाशी गाडी ताशी दोनशे चाळीस किलोमीटरांवरून झटकन पन्नासाच्या आसपास आणावी लागे, कारण पुढे काटकोनी वळण. श्रोत्यांनी थोडा हिशेब करून पाहावा. चालक आणि पेट्रोल धरून अकराशे किलोंच्या गाडीची ही गती जेव्हा ब्रेकमध्ये विरते, तेव्हा जी उष्णता निर्माण होते ती सुमारे सात लिटर गार पाणी उकळीपर्यंत आणील. एवढी आच चार चाकांत, काही सेकंदांत. आणि चोवीस तासांत अशा तीनशेच्या वर फेऱ्या. घाटाचा हिशेब निराळा, पण तितकाच अंगावर काटा आणणारा आहे. दहा टनांचा ट्रक पाचशे मीटर उंचीवरून खाली उतरवताना केवळ ब्रेकनेच आवरला, तर ती उष्णता दीडशे लिटर पाणी उकळावयास पुरेल.

जुना ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम, आणि त्याच्या आतून बाहेर दाबले जाणारे लायनरचे पट्टे. उष्णता त्या पेटीत कोंडते. ड्रम तापून प्रसरण पावला की तो लायनरपासून दूर सरकतो, लायनर अति तापला की त्याचे घर्षण घटते, आणि पायाखालचा ब्रेक खोल खोल जाऊ लागतो. नेमके गरज वाढते तेव्हा बळ ओसरते.

यावरील तोड नवी नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण त्यांची चकती इतकी किंचाळत असे की लोकांनी ती दूर ठेवली. पुढे विमानांनी ती उचलली, कारण उतरणाऱ्या विमानाला थांबावे लागते ते एकदाच, परंतु खात्रीने. डनलॉप कंपनीजवळ ही विद्या होती. उघड्या चकतीला दोन्ही अंगांनी पॅड चिमट्यासारखे आवळतात. भोवती वारा खेळतो. आणि चकती तापून जाड झाली तर ती पॅडपासून दूर न जाता त्यांच्याकडेच येते. डनलॉप आणि जग्वार यांनी मिळून ही चकती सी-टाइपला बसवली. प्रयोग सुखाचा नव्हता. ब्रेकमधील द्रव उकळून पायाखाली काही उरत नसे. कधी लांब सरळ पल्ल्यावर पॅड मागे ढकलले जात, आणि वळण समोर असताना चालकास दोनतीनदा पाय मारावा लागे. नॉर्मन ड्यूइस या कसबी चाचणीचालकाने आणि स्टर्लिंग मॉसने हे सारे अंगावर घेतले. १९५२ च्या जूनमध्ये फ्रान्समध्येच ऱ्हान्स येथे मॉस जिंकला, आणि चकतीच्या ब्रेकांना पहिले यश लाभले.

त्याच महिन्यात ले मान्सला मात्र जग्वारची नाचक्की झाली. इटलीतील शर्यतीत मर्सिडीजच्या नव्या गाडीचा वेग पाहून मॉसने अधिक वेगाची मागणी केली होती. घाईघाईने सी-टाइपचे नाक लांबविण्यात आले, पाणी थंड करण्याची योजनाही बदलली, आणि तिन्ही गाड्या पहिल्या काही तासांतच तापून बंद पडल्या. शर्यत मर्सिडीजने नेली. वेगाच्या हव्यासाने केलेला बदल गाडीला भोवला. अन्यत्र अनेक महिने धीराने केलेला ब्रेकचा प्रयोग तिला पुढल्या वर्षी तारणार होता.

१९५३ च्या गाड्यांत सांगाड्याच्या नळ्या आणखी पातळ, पत्रा आणखी पातळ, पेट्रोलची टाकी विमानातल्यासारखी रबरी, कार्ब्युरेटर तीन वेबर जातीचे, शक्ती २२०. आणि चारी चाकांना चकत्या. अमेरिकेच्या ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या गाड्या सरळ पल्ल्यावर अधिक वेगवान होत्या, पण त्यांचे ब्रेक ड्रमचे असल्यामुळे त्यांच्या चालकांना वळणापूर्वी पाय लवकर उचलावा लागे. जग्वारचे चालक उशिरापर्यंत वेग राखीत आणि मग शांतपणे थांबत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ताशी सरासरी १७० किलोमीटर वेगाने शर्यत जिंकली. ले मान्सला सरासरीने शंभर मैलांचा टप्पा ओलांडला गेला तो याच वेळी. दुसरा क्रमांकही जग्वारचाच. (रोल्ट म्हणजे तेच, ज्यांनी युद्धकैदी असताना कोल्डिट्झच्या किल्ल्याच्या माळ्यावर सुटकेसाठी ग्लायडर बांधण्याच्या धाडसी उद्योगात भाग घेतला होता.)

येथे कथा संपती तर ती गोड झाली असती. १९५५ च्या ले मान्समध्ये चकत्यांच्या ब्रेकची जग्वार डी-टाइप हाकणाऱ्या माइक हॉथॉर्नने एका गाडीस मागे टाकून विश्रांतिस्थानाकडे वळण्यासाठी वेग उतरवला. मागील लान्स मॅकलिनची गाडी बाजूस सरली, आणि तिच्या मागून भरधाव येणारी पिएर लव्हेगची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांत कोसळली. लव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. मर्सिडीजला ड्रमचे ब्रेक होते. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी पाठीवर वाऱ्यात उभी राहणारी एक झडप बसवलेली होती. चौकशीत कोणाही चालकास दोषी धरण्यात आले नाही. मार्गाची जुनाट रचनाच सदोष ठरली. आपण किती चटकन थांबू शकतो एवढ्यावर भागत नाही. मागून येणाऱ्यासही तसेच थांबता आले पाहिजे, ही गोष्ट त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन कळली. आजही घाटात चकतीच्या ब्रेकची लहान मोटार एकाएकी थांबते आणि मागे ड्रमचे ब्रेक असलेला भरला ट्रक असतो, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो.

पुढे चकती झपाट्याने रस्त्यावर आली. १९५५ साली सित्रोएनच्या डीएस गाडीला पुढच्या चाकांस ती मिळाली, आणि १९५७ च्या जग्वार एक्सके १५० ला चारी चाकांस.

महाराष्ट्राशी या कथेचा धागा दोनदा जुळतो. १९५२ साली जग्वारला हरविणाऱ्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी टाटांनी १९५४ साली करार केला आणि जमशेदपुरास मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले; ते पुढे सह्याद्रीच्या घाटांतूनही धावले. आणि २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सने फोर्ड कंपनीकडून खुद्द जग्वारच विकत घेतली. हरलेली आणि जिंकलेली, अशा दोन्ही कंपन्यांशी एकाच घराण्याचा संबंध यावा, हा योगायोग मोठा मौजेचा.

केवळ धावपट्टीवर चालविण्याच्या गाड्यांना मधल्या काळात निराळेच रूप आले. २००५ साली फेरारीने आपल्या ‘एन्झो’ गाडीवरून एफएक्सएक्स घडवली. ती रस्त्यावर चालविता येत नाही आणि कोणत्याही अधिकृत शर्यतीतही उतरविता येत नाही. धनिकांनी ती विकत घ्यावयाची आणि कारखान्याने योजलेल्या दिवशी, कारखान्याच्या माणसांसमोर फिरवावयाची. अभ्यास कारखान्याचा, खर्च गिऱ्हाइकाचा! २०२१ साली जग्वारनेही आठ नव्या सी-टाइप बांधण्याची घोषणा केली. मूळ आराखडे संगणकावर उतरवून घेण्यात आले. नमुना १९५३ च्या विजयी गाडीचा. शक्ती तीच २२०, कार्ब्युरेटर तेच तीन, चकत्यांचे ब्रेकही तेच. फक्त त्यांना सार्वजनिक रस्त्यावर उतरण्याची परवानगी नाही. १९५१ साली ज्या गाड्या कॉव्हेंट्रीहून रस्त्याने ले मान्सपर्यंत चालवीत नेल्या होत्या, त्यांच्या या नव्या बहिणींनी धावपट्टीच्या फाटकाबाहेर स्वतःच्या चाकांवर पडावयाचे नाही.