पर्युषण, राजाज्ञा आणि अहिंसा

इ.स. १५८३ मध्ये आचार्य हीरविजयसूरी फतेहपूर सिक्रीस पोहोचले. त्यांच्या उपदेशाने प्रभावित होऊन अकबर बादशहाने पर्युषणकाळी पशुवध थांबविण्याची आज्ञा दिली. अकबराचाच दाखला देत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अहमदाबादेतील महापालिकेचे कत्तलखाने पर्युषणात नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय वैध ठरविला. अल्पकाळाची बंदी वाजवी मानली. २०१५ मध्ये मात्र मुंबईतील पर्युषणकालीन मांसविक्रीबंदीस उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दुकान बंद राहिले की एका कुटुंबाची रोजी बुडते, हे जालन्याच्या व्यापारपेठेस निराळे सांगावयास नको. हीरविजयसूरींजवळ ना सैन्य होते, ना सत्ता. बादशहाचे मन वळले ते त्यांच्या तपाने व आचरणाने. अहिंसेचा प्रभाव चिरकाल टिकवावयाचा असेल, तर तोच राजमार्ग होय.