तटाला वळसा

लग्न होऊन मी कसब्यात आले, त्याला चाळीस वर्षे झाली. भाजीची पिशवी घेऊन शनिवारवाड्याच्या तटाला रोज वळसा घालायचा, एवढाच वाड्याशी माझा संबंध! सासूबाई नेहमी म्हणत, "एकदा आत जाऊन येऊ, गं." मी म्हणे, "वाडा कुठे पळून जातोय?" वाडा राहिला, सासूबाई गेल्या.

गेल्या दिवाळीत नागपूरची भाची आली. तिच्याबरोबर प्रथमच दिल्ली दरवाजा ओलांडला. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली वाड्याचा पाया घातला, १७३२ त वास्तुशांत झाली. १७७३ त नारायणरावांचा खून झाला तो इथेच. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले; उरले ते तट, दरवाजे, जोती आणि हजारी कारंज्याचा हौद. हत्तींची धडक अडवणारे दरवाज्याचे अणकुचीदार खिळे भाचीनेच मला दाखवले. मी पुणेकरीण, आणि ओशाळले मीच!

भगिनींनो, परगावची माणसे तिकीट काढून जे पाहतात, ते आपल्या दाराशी असून आपण पाहत नाही. मंडळाची यंदाची सहल वाड्यातच न्यावी, अशी माझी विनंती आहे. आणि येताना घरातल्या सासूबाईंना हात धरून आणावे.